फोन घराबाहेर गेला की आवाजही गेला



रमजान जवळ आला, किंवा घरातल्या मुलाला पहिली नोकरी लागली, की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो. घरात चांगला स्पीकर घ्यायचा आहे, कोणता घ्यावा? धाराशिवच्या बाजारात विचारले तर दुकानदार ब्लूटूथचा काढून दाखवतो. पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो, तसले खेळणे घेऊ नका, अ‍ॅम्प्लिफायर घ्या आणि त्याला बुकशेल्फ स्पीकरची जोडी लावा. दोघेही चूक सांगत नाहीत. पण तुमच्या घरात कोण कोण राहते, हे दोघांपैकी एकही विचारत नाही.

आधी शब्द समजून घेऊ. पॅसिव्ह स्पीकर म्हणजे लाकडी पेटी. तिच्यात एक मोठा आणि एक छोटा असे दोन पडदे असतात, मागे तांबडा आणि काळा असे दोन स्क्रू असतात. तिला विजेची पिन नसते. आवाज वाढवणारे यंत्र, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, वेगळे घ्यायचे आणि वायरने पेटीला जोडायचे. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो. पिन लावली, फोन जोडला, की सुरू. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीला बुकशेल्फ म्हणतात, आणि ती दोन्ही प्रकारांत मिळते. ‘वायरलेस’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. फोनपासून पेटीपर्यंत आवाज हवेतून येतो हे खरे, पण पेटीला विजेची वायर लागतेच आणि जोडीतल्या दोन पेट्यांमध्येही बहुधा एक वायर असते. बॅटरीवर चालणारे छोटे स्पीकर तेवढे याला अपवाद.

घरात गाणी लावावीत की नाही, हा प्रत्येक घराचा आपला प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. तिलावत, नात, बयान, बातम्या, क्रिकेट, मुलांचे धडे, एवढे तर सगळ्यांच्याच घरी चालते.

मला कुणी स्पीकरबद्दल विचारले की मी उलट विचारते, दुपारी अकरा वाजता तुमच्या घरात कोण असते?

नळदुर्गकडच्या एका ओळखीच्या घरातली गोष्ट आहे. धाकट्या मुलाने पहिल्या पगारातून अम्मी आणि दादीसाठी ब्लूटूथ स्पीकर आणला. तो सुट्टीवर होता तोवर घर भरून गेले होते. सकाळी तिलावत, दुपारी बयान, इशानंतर नात. सुट्टी संपली, मुलगा चाकणला कामावर परत गेला आणि त्याचा फोन त्याच्याबरोबर गेला. अम्मींकडे बटणांचा साधा फोन. थोरल्या सुनेचा मोबाइल मुलांच्या अभ्यासाला, नाहीतर चार्जिंगला. पुढे तो स्पीकर शोकेसमध्ये कपबशांच्या शेजारी जाऊन बसला. मी भेटायला गेले तेव्हा दादी म्हणाल्या, “बेटी, आवाज बड़ी नको, साफ होना. और अपने हात से लगना.”

स्पीकर निवडण्याविषयी मी बरेच काही वाचले आहे, पण यापेक्षा नेमके कुठे सापडले नाही. एक, आवाज साफ पाहिजे. दोन, आपल्या हाताने लावता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट आधी घेते, कारण दुकानात तिचा विचार कुणी करत नाही. जुन्या घरांत कोनाड्यात रेडिओ असायचा. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, आणि ज्या घरात रेडिओ आला त्या घरात बटण फिरवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. अब्बा शेतात असोत की कचेरीत, ज्याचा हात पोचेल त्याने तो लावावा. ब्लूटूथच्या पेटीचे तसे नसते. ती ज्या फोनशी जोडलेली असते त्या फोनचे ऐकते, आणि आपल्या घरांत चांगला फोन बहुधा घराबाहेर जाणाऱ्याच्या खिशात असतो. आता अजानही काही ठिकाणी फोनवर आली आहे. मुंबईत माहीमच्या जुम्मा मशिदीसह काही मशिदींनी २०२५ मध्ये अजान थेट मोबाइलवर ऐकवणारे अ‍ॅप घेतले. सोय चांगलीच आहे. पण ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना घरात एक साधी बोलती पेटी असण्याची गरज त्यामुळे वाढली आहे.

म्हणून दुकानात एक साधी परीक्षा घ्या. दुकानदाराला म्हणा, आता तुमचा फोन खिशात ठेवा आणि फोनशिवाय या स्पीकरमधून काहीतरी ऐकवा. पेन ड्राइव्हची जागा आहे का? एफएम रेडिओ आहे का? मागे ऑक्सचे भोक आहे का, म्हणजे जुना रेडिओ किंवा टीव्ही वायरने जोडता येईल? आवाज कमी-जास्त करायला पेटीवरच फिरवायचे बटण आहे का? यातले काहीच नसेल आणि सगळे अ‍ॅपमधूनच चालत असेल, तर तो कितीही महागडा असो, घरासाठी घेऊ नका. टीव्हीला जोडायचा असेल तर वायरनेच जोडा. ब्लूटूथने आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशिरा पोचतो, आणि मग बातम्या देणाऱ्याचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

अ‍ॅपवर चालणाऱ्या वाय-फाय स्पीकरचे आणखी एक दुखणे आहे. २०२० च्या जानेवारीत सोनोस या मोठ्या अमेरिकन कंपनीने जाहीर केले की तिच्या सर्वांत जुन्या काही उपकरणांना मे महिन्यापासून नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही. पेट्या धडधाकट होत्या. ग्राहक चिडले, मग कंपनीने जुन्यांसाठी वेगळे अ‍ॅप ठेवले. आता दुसरी बाजू पाहा. राइस आणि केलॉग या अमेरिकेतल्या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली कॉइल, चुंबक आणि कागदी पडदा अशी स्पीकरची जी रचना मांडली, तीच आजही तुमच्या पेटीत आहे. शंभर वर्षांत फारसे बदलले नाही असे एक यंत्र आपण घेतो आणि त्याच्या पोटात दर चार-पाच वर्षांनी जुनी होणारी वस्तू बसवतो. पॅसिव्ह पेटीच्या बाजूने बोलायचे तर हे सर्वांत मोठे कारण. लवकर मरणारा भाग आणि टिकणारा भाग तिच्यात वेगवेगळे राहतात. अ‍ॅम्प्लिफायर गेला तर अ‍ॅम्प्लिफायर बदला, पेट्या तुमच्याच. उद्या ब्लूटूथच्या जागी दुसरे काही आले तरी तांबडा आणि काळा स्क्रू तेच काम करतील.

आता आवाज साफ म्हणजे काय, ते. वर्गात उर्दू शिकवताना मला हा प्रश्न रोज भेटतो. से, सीन आणि स्वाद ही तीन अक्षरे. उर्दू बोलताना आपण तिन्हींचा उच्चार ‘स’ असाच करतो. पण तिलावतीत ते तीन वेगळे आवाज आहेत, आणि मकतबमध्ये उस्ताद मुलांकडून तेच घोटून घेतात. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो, तो खालच्या पट्टीत. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांची सळसळ वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्झच्याही पुढे जाते. जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच जात होते, म्हणून तर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होऊन नाव पुन्हा पुन्हा सांगावे लागायचे. वय वाढले की कानाची वरची पट्टी आधी जाते. दादींना आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाही. आपण काय करतो, तर आवाज वाढवतो. त्याने घुमारा वाढतो, शब्द तसाच बोथट राहतो, आणि दादी म्हणतात, ओरडू नकोस.

बाजारात सध्या जे ‘पार्टी स्पीकर’ मिळतात ते धमधम करण्यासाठीच बनवलेले असतात. दुकानात कानाला भारी वाटतात, घरात बयान लावले की मौलाना जणू रांजणात तोंड घालून बोलत आहेत असे वाटते. छोटा पडदा वेगळा असलेली कुठलीही साधी बुकशेल्फ पेटी, अ‍ॅक्टिव्ह असो की पॅसिव्ह, या कामात त्यांच्यापेक्षा सरस ठरते. दुकानात जाताना ओळखीच्या कारींची तिलावत पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि तीच लावायला सांगा. मिसरचे कारी शेख महमूद खलील अल-हुसरी यांनी १९६१ मध्ये संपूर्ण कुरआन शरीफची मुरत्तल तिलावत रेकॉर्ड केली. ती आजही मुलांना मखरज शिकवायला लावतात, कारण त्यांचे अक्षर न अक्षर सुटे आहे. ज्या स्पीकरवर हुसरी साहेबांचा से आणि सीन वेगळा ऐकू येतो, तो स्पीकर घरात आणायला हरकत नाही. येत नसेल तर पुढे बोलणेच नको.

यातून पैशाची एक गोष्टही निघते. त्या काळची रेडिओची रेकॉर्डिंग एकेरी असत, डाव्या-उजव्या कानाचा वेगळा आवाज त्यांत नाही. घरात फक्त जुन्या तिलावती, बातम्या आणि बयानच ऐकले जात असेल तर दोन पेट्यांचा हट्ट कशाला? एक चांगली अ‍ॅक्टिव्ह पेटी पुरते. टीव्ही आणि क्रिकेट असेल तर जोडी घ्या.

खोक्यावरचे वॅट हा तर वेगळाच तमाशा आहे. पाच हजार वॅट पीएमपीओ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. हा आकडा क्षणभराचा आणि कागदावरचा. त्याला काही अर्थ नाही. आरएमएस किती ते पाहा, आणि तेही पटले नाही तर अ‍ॅडॅप्टर उलटा करून वाचा. १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिले असेल तर गुणाकार २४ वॅट. जी पेटी भिंतीतून २४ वॅट घेते ती सतत शंभर वॅट कुठून देणार? आमच्या सातवीच्या मुलांना हे गणित येते. शिवाय घरात एवढे लागतही नाही. पॅसिव्ह पेटीच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, समजा ८६ डेसिबल. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. साध्या बोलण्याचा आवाज तेवढ्याच अंतरावर ६० च्या आसपास असतो. दहा बाय बाराच्या खोलीत तिलावत ऐकायला एक वॅटही पुरून उरतो. हा आकडा तीन डेसिबलने कमी असेल तर त्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात, एवढे लक्षात ठेवून छोट्या अ‍ॅम्प्लिफायरबरोबर ८६-८७ च्या खालची पेटी घेऊ नये.

आता खोलीकडे वळते, कारण अर्धा स्पीकर म्हणजे खोलीच. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट बाकी महाराष्ट्रापेक्षा जास्त जाणवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाआधी उमरगा, लोहाऱ्याकडच्या गावांत दगड-मातीच्या हात-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचे माळवद होते. त्याच भिंतींनी आणि त्याच मातीने माणसे गाडली, म्हणून सास्तूरसारख्या गावांतून पुढे जी घरे उभी राहिली ती सिमेंट-काँक्रीटची. ती बरी, त्यांत माणूस निर्धास्त झोपतो. पण माती आणि शेणाने सारवलेली जमीन आवाज थोडा पिते, काँक्रीट आणि फरशी जवळजवळ सगळा परत फेकते. पत्र्याखालच्या खोलीत तर पाऊस लागला की काही विचारूच नका. अशा खोलीत पन्नास हजारांचा स्पीकरही घुमतो.

उपाय स्वस्त आहे. जमिनीवर सतरंजी, समोरच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर किंवा पडदा, कोपऱ्यात गाद्या-गोधड्यांची घडी. गोधड्या कपाटात बंद करण्याऐवजी उघड्या कोपऱ्यात रचल्या तर घुमारा किती कमी होतो हे टाळी वाजवून पाहा, आधी एकदा आणि रचल्यावर एकदा. नावात बुकशेल्फ असले तरी पेटी फळीत ठासून कोंबू नका. तिच्या मागे गोल भोक असेल तर भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, नाहीतर खालची पट्टी फुगते आणि शब्द दबतात. छोटा पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. आपण जमिनीवर बसतो, हे परदेशी माहितीपुस्तकांना ठाऊक नसते. तेव्हा टेबलावरची पेटी थोडी खाली वाकवा किंवा बुटक्या स्टुलावर ठेवा. सहेरीच्या वेळी शेजारच्या भिंतीला टेकवून तर मुळीच नको. धमधम भिंतीतून जाते आणि पलीकडे तान्हे मूल असते.

दुरुस्तीचे बोलू. पॅसिव्ह पेटीत बिघडण्यासारखे फार थोडे. पडद्याच्या कडेचा फोम दहा-पंधरा वर्षांनी कुजतो, कधी कॉइल जळते. ही दोन्ही कामे तालुक्याच्या गावातला जुना रेडिओ मेकॅनिक करू शकतो. अ‍ॅक्टिव्हचे बोर्ड गेले तर त्याच मॉडेलचे बोर्ड पाहिजे, आणि ते सोलापूर किंवा पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला आहे का, हे घेण्याआधी फोन करून विचारा. बहुतेक जोड्यांत अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असतो, तो बसला की दुसरी पेटीही मुकी होते. मात्र स्वस्त जोड्यांमध्ये बोर्ड काढून पेटी सरळ बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येते, हे मेकॅनिकला सांगून पाहावे. ज्या महागड्या पेट्यांत प्रत्येक पडद्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतो त्यांत हे जमत नाही. बॅटरीवाल्या छोट्या स्पीकरची बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की थकते. ती बदलता येते का, हेही विचारा. वीज जाते त्या गावांत त्याचा उपयोग आहे हे मान्य, पण ती घरातली दुसरी वस्तू असावी, पहिली नको.

मग घ्यावे काय? घरात वायरींची आवड असलेला कुणी नसेल, जागा कमी असेल, तर पोटात अ‍ॅम्प्लिफायर असलेली, पेटीवर बटण असलेली आणि ऑक्सची जागा असलेली अ‍ॅक्टिव्ह जोडी घ्या. ब्लूटूथ असेल तर असू दे. अ‍ॅक्टिव्हमध्ये बनवणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायर त्या पेटीला मापून बसवलेला असतो, जुळेल की नाही ही काळजी नसते. आपल्यातल्या बहुतेक घरांना मी हेच सांगेन. घरात जुना चालू अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल, किंवा तुमच्या गावात भरवशाचा मेकॅनिक असेल, तर पॅसिव्हला पर्याय नाही. ती थोडी थोडी करूनही घेता येते. यंदा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि नव्या पेट्या, पुढे कधीतरी अ‍ॅम्प्लिफायर बदला. हप्त्याच्या जाहिरातीत ‘बिनव्याजी’ लिहिलेले असले तरी फी आणि वाढवलेली किंमत यांत व्याज कुठे दडले आहे ते शोधा. स्पीकर ही काही निकडीची वस्तू नाही, रोखीत बसेल तेवढीच घ्यावी.

पॅसिव्ह घेतलीत तर वायरीवर पैसे घालवू नका. पाच मीटरपर्यंत इलेक्ट्रिकच्या दुकानातली एक चौरस मिलिमीटरची दुहेरी तांब्याची वायर पुरते. जोडताना अ‍ॅम्प्लिफायरची पिन काढून ठेवा, टोकांचे केस एकमेकांना शिवू देऊ नका, आणि तांबडे तांबड्याला, काळे काळ्याला जोडा. एका पेटीत उलट झाले तर काही जळत नाही, पण आवाज पातळ होतो आणि बोलणारा कुठे बसला आहे तेच कळत नाही. कित्येक घरांत वर्षानुवर्षे असेच चालू असते आणि दोष पेटीला दिला जातो.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक काम करा. आवाजाचे बटण त्यांना रुचेल तेवढे फिरवून त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या. पेन ड्राइव्हमध्ये पहिली फाइल त्यांच्या आवडीची ठेवा, म्हणजे पिन लावली की तीच सुरू होईल. पेन ड्राइव्हवर डिंकाने चिंधी चिकटवा. अंधारात, सहेरीच्या वेळी, हाताला ती लागते.